भवानी तलवारीला प्लस किती?

भवानी तलवारीला प्लस किती द्यायचे? एक, तीन की पाच? प्रश्न वाचून घरच्या मंडळींना वाटेल, उन्हाने याचे डोके फिरलेले दिसते. (सिंगापुरात ऊन बाराही महिने असते, तेव्हा शक्यता नाकारता येत नाही.) पण बुकित बातोकच्या आमच्या घरात या प्रश्नावरून लागोपाठ दोन शनिवार खेळ बंद पडला, जेवणाची ताटे गार झाली आणि मूळच्या सातारकर मित्राने माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. त्यामुळे विषय अगदीच किरकोळ नाही, एवढे मान्य करून पुढे वाचावे ही विनंती.

ज्यांना हा प्रकारच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे. (ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद खुशाल गाळावेत.) 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी आणला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र घेतो आणि एक जण सूत्रधार होतो. सूत्रधार सांगतो, "तुम्ही घाटात आहात, धुके आहे, मागून टापांचा आवाज येतोय, आता काय करता?" खेळाडू आपापले उत्तर देतात, आणि ते जमले की नाही हे फासे ठरवतात. भातुकलीला कायद्याचे पुस्तक जोडले की जे होईल ते. लढाईत वीस बाजूंचा फासा टाकायचा. ठरलेल्या आकड्याइतके किंवा जास्त पडले तर वार लागला. मग शस्त्राप्रमाणे दुसरा फासा टाकायचा. पडेल तितके समोरच्याच्या जीवातून वजा.

या खेळाचे आजोबा लष्करी आहेत. प्रशियात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन युद्धाचा एक खेळ मांडला आणि तो लष्कराने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. गायगॅक्सनेही आधी १९७१ साली 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचे नियम छापले होते. गंमत म्हणजे १९७४ च्या मूळ खेळात सुरी काय आणि दोन हातांनी पेलायची तलवार काय, सगळ्यांचा घाव एकाच सहा बाजूंच्या फाशाचा! शस्त्रागणिक वेगळा फासा आला तो १९७५ च्या पुरवणीत. तेव्हापासून जगभरचे खेळाडू कोणते शस्त्र भारी यावर भांडत आहेत, आणि आता त्यात आम्हीही.

या खेळात जादूच्या किंवा दंतकथेतल्या तलवारीला 'प्लस' देतात. प्लस तीन म्हणजे वार लागण्याच्या फाशात तीन मिळवायचे आणि घावातही तीन मिळवायचे. ऐकायला तीन म्हणजे काहीच नाही. पण मी पडलो इंजिनियर, कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय चैन पडत नाही. समजा, वार लागायला ११ किंवा जास्त हवेत, म्हणजे वीसपैकी दहा वेळा, ५० टक्के. घाव सरासरी ७.५. दर वाराला अपेक्षित नुकसान ३.७५. आता प्लस तीन द्या. लागण्याची शक्यता ६५ टक्के, घाव १०.५, गुणाकार ६.८. जवळजवळ दुप्पट! प्लस पाच दिले तर ७५ टक्के गुणिले १२.५ म्हणजे ९.४, अडीच पट. एका माणसाच्या हाती अशी तलवार दिली की टेबलावरच्या बाकीच्या चौघांनी चहा करायला जावे. खेळाचा तोल गेला म्हणतात तो असा. जुन्या नियमांत काही तलवारी प्लस पाचपर्यंत जात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत शस्त्रांची मर्यादा प्लस तीनवर आणली ती याच कारणाने.

आमच्या खेळाचा काळ सतरावे शतक, प्रदेश सुरतेपासून मलाक्क्यापर्यंतचा समुद्र. सूत्रधार मी. टेबलावर चौघे: सातारकर मित्र, त्याची इथेच जन्मलेली तेरा वर्षांची मुलगी, माझा एक मलय सहकारी आणि खालच्या मजल्यावरचा चिनी शेजारी. सुरुवातीला मी म्हटले, प्रत्येकाने आपापल्या इतिहासातले एक नामांकित शस्त्र सुचवावे, मी त्याचे नियम लिहितो. सतराव्या शतकात न बसणारे असले तरी चालवून घेऊ.

मलय मित्राने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "तामिंग सारी."

ही हांग तुआहची क्रिस. (इथे 'करिस' म्हणतात, नागमोडी किंवा सरळ पात्याची कट्यार.) हांग तुआह हा मलाक्क्याच्या सुलतानाचा वीर, आपल्याकडे तानाजीचे जे स्थान तसे मलय मनात त्याचे. 'हिकायत हांग तुआह' या जुन्या मलय कथेत ही क्रिस ज्याच्याकडे असेल त्याला शस्त्राने इजा होत नाही. आता नियम लिहिणाऱ्याला यापेक्षा भयंकर वाक्य नाही. इजाच होत नाही म्हणजे फासे टाकायचे कशाला?

पण कथा पुढे वाचली आणि मी चाटच पडलो. तोल कसा सांभाळायचा हे त्या कथेतच लिहिलेले आहे. दरबारातल्या चुगलीवरून सुलतान हांग तुआहला मृत्युदंड देतो. बेंदाहारा, म्हणजे मुख्य प्रधान, त्याला गुपचूप लपवून ठेवतो. क्रिस जाते त्याचा जिवलग मित्र हांग जेबात याच्याकडे. मित्रावरच्या अन्यायाने पेटलेला जेबात राजवाड्यातच बंड करून बसतो आणि त्याला कोणीच मारू शकत नाही, कारण हातात तामिंग सारी. सुलतानाला पश्चात्ताप होतो, तुआहला बाहेर काढतात, आणि तो ज्याने आपल्यासाठी बंड केले त्याच मित्राशी लढायला जातो. जिंकतो कसा? ताकदीने नाही. आधी युक्तीने क्रिस हिसकावून घेतो. म्हणजे शस्त्र अजिंक्य, पण माणसापासून तोडता येण्याजोगे. पुढे तर कमालच आहे. सुलतानाचा मुकुट सिंगापूरजवळच्या समुद्रात पडतो, तो काढायला तुआह बुडी मारतो आणि एक पांढरी मगर येऊन तामिंग सारी पळवते. तिथून मलाक्क्याची उतरती कळा. (मलाक्का पोर्तुगीजांनी घेतले १५११ साली.) कथेप्रमाणे ती क्रिस मगरीने नेली, तरीही मलेशियातल्या पेराक संस्थानच्या राजचिन्हांत तामिंग सारी याच नावाची क्रिस आजही आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, साताऱ्याला गेल्यावर लागेल.

शिवाय क्रिस कोणालाही चालत नाही. विकत घेण्याआधी पाते अंगठ्यांच्या रुंदीने मोजून ती आपल्याला लाभेल की नाही हे बघण्याची मलय लोकांची जुनी रीत आहे. पाचव्या आवृत्तीत खेळाडूने जादूची वस्तू आधी स्वतःशी 'जुळवून' घ्यावी लागते आणि एका वेळी अशा तीनच वस्तू बाळगता येतात. म्हणजे खेळवाल्यांना २०१४ साली सुचलेली अट मलय बाजारात कधीचीच लागू होती.

चिनी शेजाऱ्याने काहीच सुचवले नाही. उलट एक अट घातली: कटानाला काहीही विशेष द्यायचे नाही. त्याचे कारण समजायला आमच्या वस्तीचा इतिहास थोडा सांगायला हवा. बुकित बातोकची ही टेकडी आता नेचर पार्क आहे, माकडे आणि सकाळी चालायला येणारे आजी-आजोबा. पण तिथल्या लांबलचक पायऱ्या चढून गेले की जिथे आज प्रक्षेपणाचा मनोरा आहे, तिथे १९४२ साली जपान्यांनी आपल्या मृत सैनिकांचे स्मारक उभारले होते. बांधून घेतले ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश युद्धकैद्यांकडून. १९४५ मध्ये शरण जाण्याआधी जपान्यांनी ते स्वतःच पाडले. जवळच अप्पर बुकित तिमाह रस्त्यावर जुना फोर्ड कारखाना, जिथे १५ फेब्रुवारी १९४२ ला पर्सिव्हलने यामाशितापुढे शरणागती लिहून दिली. त्यानंतरच्या आठवड्यांत 'सूक चिंग'मध्ये इथल्या हजारो चिनी पुरुषांना वेचून मारले गेले. शेजाऱ्याच्या घरातली एक पूर्ण पिढी त्या आठवणींत वाढली. तलवार लटकावलेला अधिकारी म्हणजे त्यांच्यासाठी सिनेमातला सामुराई नव्हे.

आणि खरे सांगायचे तर खेळाच्या नियमांनीही कटानाचे फार लाड केले. १९८५ च्या 'ओरिएंटल अॅडव्हेंचर्स'मध्ये तिला साध्या लांब तलवारीपेक्षा मोठा, दहा बाजूंचा फासा होता. तिसऱ्या आवृत्तीत ती उत्तम बनावटीच्या दीडहाती तलवारीच्या मापात बसवली. २०१४ च्या आवृत्तीत एक तक्ता आहे, त्यात लिहिलेय की कटाना म्हणजे लांब तलवारच, नाव फक्त वेगळे. तीस वर्षांत पाते तेच राहिले, उतरला तो दबदबा. तरी महायुद्धातल्या अधिकाऱ्यांच्या तलवारी बहुतेक कारखान्यातल्या होत्या, हे कोणी विचारातही घेत नव्हते. शेजाऱ्याची अट मी बिनतक्रार मान्य केली.

आता भवानी.

सातारकराचा हट्ट होता प्लस पाचचा, नियमपुस्तकाची मर्यादा गेली खड्ड्यात. "मलय क्रिसला इजाच होत नाही म्हणतोस, आणि साक्षात तुळजाभवानीने दिलेल्या तलवारीला प्लस तीन?" मी त्याला सांगितले की मला तर प्लस एकही द्यायचा नाही. अबोल्याला सुरुवात इथे झाली.

माझी बाजू अशी. महाराजांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या तलवारी एकाहून अधिक आहेत. साताऱ्याच्या राजघराण्याकडे जलमंदिर वाड्यात भवानी म्हणून पूजली जाणारी तलवार आहे, दसऱ्याला तिची मिरवणूक निघते. लंडनच्या राजसंग्रहात दुसरी आहे, जिला आपल्याकडे जगदंबा म्हणतात. ती कोल्हापूरच्या त्या वेळच्या बालराजांनी, चौथ्या शिवाजींनी, १८७५-७६ च्या हिंदुस्थान दौऱ्यावर आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सला दिली. हीच भवानी असे अनेकांना वाटे, आणि मुख्यमंत्री झाल्यावर १९८० साली बॅरिस्टर अंतुले यांनी ती परत आणण्याची घोषणा केली होती. ती अजून तिथेच आहे. (पेराकची क्रिस आणि पांढरी मगर आठवली ना?)

पण त्या लंडनच्या तलवारीचे पाते बघा. सरळ, युरोपी, आणि त्यावर आय एच एस ही अक्षरे, म्हणजे येशूचे ख्रिस्ती संक्षिप्त चिन्ह. सतराव्या शतकात मराठ्यांना युरोपी पात्यांची मोठी आवड होती. ती गोव्यावरून आणि किनाऱ्यावरच्या इतर बंदरांतून येत, मूठ आपल्याकडे चढवली जाई, आणि अशा तलवारीला नावच पडले 'फिरंग'. महाराजांना कोकणच्या सावंतांकडून अशीच एक फिरंगी तलवार मिळाली, अशी परंपरा आहे. २०२५ साली महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावात नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार ४७.१५ लाख रुपयांना घेतली. तिचेही पाते युरोपी, आणि त्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने रघूजींचे नाव, सेनासाहेब सुभा ही पदवी आणि शेवटी चक्क 'फिरंग' हा शब्द. लपवाछपवी नाही. माल परदेशी आहे हे त्यांनी अभिमानाने कोरून ठेवले.

धातूवाला म्हणून एक पुरवणी जोडतो. दख्खनचे पोलाद, ज्याला युरोपीय वूट्झ म्हणाले, जगात नावाजलेले होते. त्यात कार्बन १.५ टक्क्याच्या आसपास. २००६ साली ड्रेस्डेनच्या संशोधकांना अशा पोलादाच्या एका जुन्या तलवारीत कार्बनच्या नॅनोनळ्या सापडल्या, आणि आपल्या मेलबॉक्समध्ये 'पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान ठाऊक होते'चा पूर आला. त्या नळ्या लोहारांनी ठरवून केलेल्या नव्हत्या, आणि त्यांमुळे प्लस काही मिळत नाही. इतका कार्बन असलेले पोलाद कडक, धारेला उत्तम, पण लांब सरळ पाते वाकून पुन्हा सरळ व्हायला हवे असेल तर वेगळा गुण लागतो. घोड्यावरून लांब पल्ल्याचा वार किंवा भोसक करायची तर फिरंग सोयीची. म्हणजे निवड करणारा माणूस डोळस होता. हे माझ्या मते भवानीच्या प्लसपेक्षा मोठे कौतुक आहे, पण सातारकराला ते पटेना.

म्हणून मी दुसरे शस्त्र काढले. वाघनखे.

१० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या कोणालाही सांगायला नको. साधनांत मात्र तपशील एकसारखे नाहीत. १६९७ साली लिहिलेल्या सभासद बखरीत डाव्या हातात वाघनखे, उजव्या हातात बिचवा आहे. परमानंदाच्या 'शिवभारता'त वाघनखांऐवजी कृपाण आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे ग्रँट डफच्या घराण्याकडून आलेली. त्यांच्या पेटीवरच्या मजकुरात अफझलखानाला मोगल सेनापती म्हटले आहे, तो होता विजापूरचा! ती तीच वाघनखे आहेत हे पडताळता येत नाही, असे संग्रहालय स्वतःच सांगते. जुलै २०२४ मध्ये ती ३ वर्षांच्या उसनवारीवर आली आणि आधी साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. सातारकर सुट्टीत मुलीला घेऊन मुद्दाम बघून आला.

नियमांच्या भाषेत वाघनखे म्हणजे दरिद्री शस्त्र. चार बाजूंचा फासा, सरासरी अडीच. पल्ला शून्य. पण ती मुठीत लपतात. या खेळात शत्रूला न दिसलेल्या हल्ल्याला एक सवलत असते: वीस बाजूंचा फासा दोनदा टाका, मोठा आकडा घ्या. आता गणित करा. एका फाशाला चुकण्याची शक्यता अर्धी. दोन्ही वेळा चुकण्याची पाव. म्हणजे लागण्याची शक्यता ७५ टक्के. वर पाहा, प्लस पाचच्या तलवारीने वार लागण्याची शक्यता किती होती? तीच, ७५ टक्के! दंतकथेतली सर्वांत भारी तलवार जे देते तेच चार लोखंडी नख्या देतात, मात्र एकदाच, पहिल्या क्षणी, आणि आधीची सगळी तयारी नीट झाली असेल तरच. तयारीत काय होते? अंगरख्याखाली चिलखत (खानाचा वार झाला, तेव्हा जीव वाचवला तो याने), मंदिलाखाली शिरस्त्राण, भेटीची जागा आपल्या निवडीची, खानाला जावळीच्या जंगलात उतरवणे, झाडीत फौजा दडवून तोफेच्या इशाऱ्याची वाट बघायला लावणे, आणि सय्यद बंडाचा हात वर गेला तेव्हा जिवा महाला योग्य अंतरावर असणे. यातल्या कशालाही शस्त्रांच्या तक्त्यात जागा नाही.

घोडखिंड घेतली तर हिशोब आणखी स्पष्ट होतो. १३ जुलै १६६०, बाजीप्रभू आणि परंपरा सांगते ते ३०० बांदल. खेळाच्या चौकटीच्या पटावर मोकळ्या मैदानात एका माणसाला आठ घरांतून आठ जण घेरतात. प्रत्येकाचा वार निम्म्या वेळा लागतो आणि ५ चा घाव करतो असे धरा, तर एका फेरीत २० गेले. ६० जीव असलेला पहिलवान तीन फेऱ्यांत आडवा. एक फेरी ६ सेकंदांची. म्हणजे १८ सेकंद. आता त्याच माणसाला दोघेच शेजारी उभे राहतील अशा अरुंद खिंडीत उभा करा. फेरीला ५, बारा फेऱ्या, ७२ सेकंद. चौपट! प्लस पाचची तलवार अडीच पट देत होती. त्यात खिंडीला मागच्या ताज्या दमाच्या माणसांची रांग जोडा, मग तास मोजता येतात. कुठलेही शस्त्र न बदलता.

आणि सिंहगड? ४ फेब्रुवारी १६७०. सभासद सांगतो, तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्याने डावा हातच ढालीसारखा वापरला. म्हणजे आपल्या सर्वांत गाजलेल्या द्वंद्वात नायकाचे साहित्य मोडलेले आहे. मला हे फार आवडते. उदयभान आणि तानाजी दोघेही पडले, म्हणजे शस्त्रांचा हिशोब तिथे बरोबरीत सुटला होता. गड घेतला तो त्यानंतर न पळालेल्या माणसांनी.

एका मराठी शस्त्राला मात्र मी मनापासून वेगळा नियम लिहिला: दांडपट्टा. (२०२४ च्या शिवजयंतीला महाराष्ट्राने तो राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला.) लांब लवचिक पाते आणि कोपराकडे जाणारे लोखंडी हस्तत्राण, मूठ आत आडवी. मनगट जवळजवळ बांधले जाते, त्यामुळे साध्या तलवारीसारखे मनगटाने वळवता येत नाही. सगळी गती खांदा, कोपर आणि स्वतःभोवती फिरणाऱ्या पायांतून काढावी लागते. कोल्हापूरचा मर्दानी खेळ पाहिला असेल त्यांना हे लगेच कळेल. म्हणून माझा नियम: आठही घरांतल्या शत्रूंवर एका फेरीत वार करता येतो, पण शेजारच्या घरात आपला माणूस असेल तर त्यालाही फासा, अरुंद जागेत निरुपयोगी, आणि आधी शिकलेला नसेल तर पहिला वार स्वतःलाच. अशा शस्त्राला प्लस लागत नाही. (सातारकराच्या मुलीने दुसऱ्याच फेरीत बापाच्या पात्राचा कान उडवला. नियम चालतो.)

तरीही सातारकराचे एक बोलणे माझ्या मनातून जात नव्हते. अबोला सुटल्यावर तो शांतपणे म्हणाला, "तुझे गणित बरोबर असेल. पण ही पोरगी इथे जन्मली. इथल्या शाळेत आर्थर राजाची एक्सकॅलिबर तिला माहीत झाली, हांग तुआहची क्रिस माहीत झाली. महाराजांचे तिला वर्षातून एकदा शिवजयंतीच्या कार्यक्रमात कळते. तिला जावळीचे जंगल आणि चिलखताची दूरदृष्टी तू आता सांगशील, आणि ती ऐकेल? पोरांना आधी तलवार दिसते रे. तलवार दिसली की मग ती माणसाकडे बघतात. तू तलवारच साधे लोखंड करून टाकलीस."

याला आकड्यांनी उत्तर देता येत नव्हते. पण त्याच्या बोलण्यात एक ऐतिहासिक मुद्दा होता, आणि तो मला माझ्या तक्त्यांत बसवता येत होता. देवीने तलवार दिली यावर त्या काळच्या माणसांची श्रद्धा होती की नाही? होती. श्रद्धेने पाते धारदार होत नाही, पण माणूस जागा सोडत नाही. आणि जागा न सोडण्याचा नियम या खेळात १९८१ च्या जुन्या आवृत्तीत आहे. प्रत्येक तुकडीला धैर्याचा एक आकडा. अर्धे लोक पडले की सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, आकड्याच्या आत आले तर टिकले, नाहीतर पळाले. धैर्य ७ असेल तर टिकण्याची शक्यता ३६ पैकी २१ म्हणजे ५८ टक्के. ८ केले की ७२. ९ केले की ८३.

म्हणून आमच्या वहीत भवानीची नोंद आता अशी आहे. घाव: लांब तलवारीचा. प्लस: काही नाही. महाराजांच्या हाती उपसलेली दिसली तर दिसेल तितक्या अंतरावरच्या प्रत्येक मावळ्याचे धैर्य दोनने वाढते. दुसऱ्या कोणाच्याही हाती: चांगली फिरंग, बाकी काही नाही. (ही शेवटची कल्पना माझी नव्हे, जुन्या नियमांतली 'होली अॅव्हेंजर' ही तलवार पुण्यवान योद्ध्याच्या हाती प्लस पाच आणि इतरांच्या हाती प्लस दोन असे.) तामिंग सारीची नोंद मलय मित्राने स्वतः लिहिली: धारकाला शस्त्राने इजा नाही, पण दर लढाईत एकदा शत्रूला ती हिसकावण्याची संधी, आणि सिंगापूरच्या सामुद्रधुनीत पाण्यात उतरल्यास सूत्रधाराने गुपचूप फासा टाकावा. एक पडला तर मगर.

सातारकराने भवानीची नोंद दोनदा वाचली. मग पेन्सिल घेऊन 'मावळ्याचे' खोडून 'माणसाचे' केले, कारण मुलीचे पात्र कोळ्याचे आहे, गलबतावरचे, आणि ती म्हणत होती की मग मला का नाही. मी ते मान्य केले. पण प्लस शून्य त्याला अजून मान्य नाही. पुढच्या महिन्यापासून सूत्रधार तो होणार आहे, आणि त्याच्या वहीत काय लिहिलेय ते तो कोणाला दाखवत नाही.